सासूबाईंच्या नावावर

रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात, आमच्या आळीत माझी एक ख्याती आहे. बाईचा हात सैल आहे म्हणतात. वालाचं बिरडं केलं की चार घरी वाट्या जायच्या, होळीला पोळ्या, गणपतीत मोदक आणि उन्हाळ्यात पोह्याच्या पापडांचे गठ्ठे. कुणी तोंडावर कौतुक केलं की मी "छे हो, त्यात काय एवढं" म्हणते आणि आतून फुगते. गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वेळी आळीतली एक नवी सून सगळ्यांदेखत म्हणाली, "काकी, तुम्ही म्हणे शेजारच्या मुसलमान भाभींनासुद्धा सगळं द्यायच्या. त्या काळात असं कोण करत होतं?" बायकांनी माना डोलावल्या. मी हसले. घरी आले आणि मला घास गेला नाही. दिलं हे खरंच आहे. पण तिच्या घरचं शिजवलेलं मी सत्तावीस वर्षांत काही खाल्लं नाही, हे त्या सुनेला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. म्हणून आता लिहून ठेवते आहे.

मी मूळची पेणची. लग्न झालं तेव्हा हे धाटावच्या एका कंपनीत नुकते लागले होते. आम्ही कुंडलिका नदीच्या अलीकडे, अष्टमीत, दोन खोल्या घेतल्या. सासूबाई पेणजवळ, जिते गावाच्या बाजूला राहायच्या, शेतीच्या कामातून सवड मिळेल तेव्हा तांदूळ आणि वाल घेऊन यायच्या. आमच्या भिंतीला भिंत लागून भाभींचं घर. नवरा बोटीवर, वर्षातून दोन महिने घरी. एक लहान मुलगी. भाभी माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या, उंच, कामाला वाघ. नळाला पाणी किती वाजता येतं, कुठला दूधवाला पाणी घालतो, कोणत्या कोळणीशी घासाघीस करायची नाही, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. मी पहिल्यापासून तोंडाळ, भाभी शांत. आमचं जमलं. दुपारी मी त्यांच्या ओट्यावर नाहीतर त्या माझ्या.

पहिल्याच वर्षी ईद आली. भाभी स्वतः आल्या, नवी साडी नेसून, हातात झाकलेलं पातेलं. शीरखुर्मा होता. मी दारात उभी. आत घ्यावं की नाही, असा विचार मी केलाच नाही, हे मला आजही लख्ख आठवतं. तोंडातून सरळ बाहेर पडलं, "अहो भाभी, आमच्या सासूबाईंना चालत नाही हो शिजवलेलं. त्या फार कडक आहेत. मला काय, मी खाल्लं असतं."

उचलली जीभ लावली टाळ्याला. सासूबाई तेव्हा गावी होत्या. त्यांनी जन्मात मला असं काही सांगितलं नव्हतं. मग मी का नाही घेतलं? पेणला लहानपणी एका आत्याकडून ऐकलेलं होतं की त्यांच्या भांड्यात मोठ्याचं, म्हणजे गाईबैलाचं, शिजतं, भांडं तेच असतं. आळीत समोरची बाई खिडकीत बसलेली असायची, तिनं पाहिलं तर काय म्हणेल, हेही होतं. यातलं काहीच तोंडावर सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून सासू पुढे केली. सुनांना सासूचा हा एक उपयोग असतोच. भाभी म्हणाल्या, "अगो, मग आधी सांगायचं नाय का. म्हाताऱ्या माणसाचा नेम कशाला मोडायचा." आणि पातेलं घेऊन परत गेल्या.

अर्ध्या तासात पुन्हा आल्या. ताटात शेवयांचं पुडकं, साखर, खारका, चारोळी, खोबऱ्याची अर्धी वाटी. दूध दूधवाल्याकडून परस्पर पाठवते म्हणाल्या. "हे सगळं कोरडं हाय. माझ्या चुलीवर गेलेलं नाय. तू तुझ्या भांड्यात कर. सासूबाईंना चालेल ना?"

चालेल म्हटलं. भटजीला देतात तसा शिधा मला एका मुसलमान बाईनं दिला, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट किती समजूतदार बाई, असं वाटलं. पुढे दर ईदेला ते ताट यायचं आणि दर ईदेला तोच प्रश्न, "सासूबाईंना चालेल ना?" बकरी ईदेला नारळ आणि अंडी यायची. मी मात्र शिजवलेलंच द्यायची. त्यांना कसलाच प्रश्न नव्हता. माझं बिरडं गेलं की मुलगी भिंतीवर थाप मारून सांगायची, "काकी, संपलं."

गंमत अशी की ते बिरडं अर्धं भाभींच्याच हातचं असायचं. वाल भिजवून, फडक्यात बांधून मोड आले की कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलायचा, हे एकटीचं काम नव्हे. भाभी परात मांडीवर घेऊन बसायच्या. माझे वीस दाणे होईतो त्यांचे पन्नास. उन्हाळ्यात पापडांचंही तसंच. पोह्यांचं पीठ भिजवून मी उखळात कांडायची, भाभी दोऱ्यानं लाट्या पाडायच्या, आणि लाटायच्या तर अशा की दिव्यासमोर धरला तर पलीकडचं दिसावं. मध्येच एखादी लाटी तेलात बुडवून माझ्या तोंडापुढे धरायच्या, "बघ, तिखट जास्त झालं का?" मी खायची. ती कच्ची ना. त्यांच्या बोटांनी दिलेली लाटी चालायची, त्यांनी लाटलेला पापड मी माझ्या निखाऱ्यावर भाजला तर चालायचा, त्यांनी त्यांच्या निखाऱ्यावर भाजला असता तर चालला नसता. हा कायदा कुठे लिहिलेला होता कोण जाणे, पण मी तो वकिलासारखा पाळत होते.

एका वर्षी ते पापड घेऊन मी पेणला माहेरी गेले. आमची आई पापडांच्या बाबतीत फार चिकित्सक, कुणाचं चांगलं म्हणायची नाही. तिनं गठ्ठा सोडला, दोन-चार पापड हातात फिरवले आणि म्हणाली, "कोणी लाटले गो? एकसारखे आलेत." मी म्हटलं, "मीच." तिला खरं वाटलं नसावं, पण तिनं पुन्हा विचारलं नाही. रोह्याला परत आल्यावर भाभींनी विचारलं, "आईला आवडले?" मी म्हटलं, "खूप." तेवढं तरी खरं होतं.

असं बरीच वर्षं चाललं. मग सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा मोतीबिंदू काढला की पट्टी बांधून माणसाला आडवं ठेवायचे, वाकायचं नाही, चुलीपुढे तर जायचंच नाही. म्हणून त्यांना अष्टमीला आणलं होतं. तिसऱ्याच दिवशी पेणहून निरोप आला, वडील पडलेत, लगेच ये. यांना शिफ्ट बदलून मिळेना. मी दोन दिवसांच्या भाकऱ्या थापल्या, चटणी वाटून ठेवली, यांना भात घालायला शिकवलं आणि भाभींना म्हटलं, "जरा लक्ष ठेवा. फक्त त्यांचं खाण्याचं तेवढं..." भाभी म्हणाल्या, "ठाऊक हाय मला. जा तू, घाबरू नको."

दोन दिवसांचे सात झाले. वडिलांचं मांडीचं हाड मोडलं होतं, आईला एकटीला झेपेना. अष्टमीत काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. सातव्या दिवशी दुपारी एसटीतून उतरले, पूल ओलांडून घरी आले, तर आमच्या दाराला कडी. भाभींचं दार उघडं. आत पाहिलं तर सासूबाई त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेल्या, एका डोळ्यावर हिरवं फडकं, आणि समोर तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण. चांगल्या चाटूनपुसून जेवत होत्या. भाभी उभ्या राहून वाढत होत्या.

मला पाहून भाभींच्या हातातली पळी तशीच राहिली. सासूबाई मात्र तोंडातला घास संपवून म्हणाल्या, "आलीस? बाप कसा हाय?" मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "काय गो, मला हिच्या घरचं चालत नाय, असं मी कधी म्हटलं होतं?"

मी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. सासूबाई थांबल्या नाहीत.

"तुझ्या भाकऱ्या संपल्या तशी दोन दिस ही बिचारी मला केळी आणि बिस्किटं देत व्हती. माझ्या लेकानं केलेला भात म्हंजे लापशी. मी म्हटलं, अगो बाय, मी काय आजारी पोर हाय? भाकरी दे, कालवण दे. तर म्हणते, मावशी, तुम्हाला चालत नाय ना. मी म्हटलं, कोणी सांगितलं? मिठागरावर व्हते तेव्हा आमच्या टोळीत दोघी यांच्यातल्याच. दुपारचं एकमेकींच्या भांड्यातलं खायचो. मी आणि कडक?"

मी तिथं उभी होते, हातात पिशवी. माझा चेहरा कसा झाला असेल तो झाला असेल. एवढ्यात भाभीच घाईघाईनं म्हणाल्या, "मावशी, तिनं नाय सांगितलं. माझीच चूक. मीच आपली समजून बसले." आणि माझ्याकडे न बघता सासूबाईंच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.

त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं की चूक हिची नाही, माझी आहे. चार शब्दांचं काम. एरवी भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून अर्धा तास भांडणारी मी, माझ्या तोंडाला कुलूप लागलं. "चला आई, औषध घालायचंय डोळ्यात," एवढंच म्हटलं. इतकी वर्षं तिच्या घरचं घेतलं नाही म्हणता म्हणता मी तिच्याकडून हे घेतलं. माझ्या खोट्याचा दोष तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि मी तो घेऊ दिला. याची लाज मला अजून वाटते, आणि ती बिरड्याच्या वाट्यांनी गेलेली नाही.

त्या रात्री यांना सगळं सांगितलं. वाटलं, हे रागावतील. हे म्हणाले, "मी तर दर ईदेला जेवतो त्यांच्याकडे. सेकंड शिफ्टला जायच्या आधी. तुला बोललो नाही, उगाच घरात कटकट." म्हणजे नवरा खात होता, सासू खात होती, आणि दोघांच्या सोवळ्याची राखण करणारी मी एकटीच उपाशी.

पुढची ईद जवळ आली. आता सगळं उघड झालंय, आता भाभी पातेलंच घेऊन येतील, आणि मी ते घेईन, समोरच्या बाईच्या खिडकीकडे बघत घेईन, असं मी मनाशी ठरवलं होतं. भाभी आल्या. हातात ताट. शेवया, साखर, खारका, चारोळी, खोबरं. "ईद मुबारक," म्हणाल्या. या वेळी सासूबाईंना चालेल ना, असं विचारलं नाही. बस, तेवढाच फरक. मला कळलं की त्यांना कळलंय.

"भाभी, शिजवलेलं द्या ना," असं म्हणायला काय हरकत होती? पण माझा स्वभाव आडवा आला. मागून घ्यायचं? मी देणारी बाई. देताना माझा हात वर असतो, त्याची सवय झालेली. मी ताट घेतलं आणि त्या वर्षी गणपतीत एकवीसच्या जागी एकतीस मोदक पाठवले. मग मी देण्याचा सपाटाच लावला. काही म्हणून केलं की पहिली वाटी भाभींकडे. आळीत माझं नाव झालं ते खरं त्या दिवसांत.

सासूबाई मात्र गावाहून आल्या की पिशवी आमच्या दारात टाकून आधी भाभींकडे जायच्या. "आज काय केलंस गो?" तिकडून हसण्याचे आवाज यायचे. मी इकडे धुसफुसत भांडी आपटायची.

एकदाच अगदी ओठांवर आलं होतं. आम्ही भाभींच्या ओट्यावर वाल सोलत होतो, आत चुलीवर मोदकपात्र ठेवलेलं. मी विचारलं, "आज काय?" भाभी म्हणाल्या, "सांदणं ठेवलीत, नारळाच्या दुधातली." आणि हातातला दाणा सोलायचं थांबून माझ्याकडे बघत राहिल्या. किती वेळ गेला असेल? दोन दाणे सोलण्याइतका. मी म्हटलं, "बघा हो, पाणी आटलं असेल खालचं." भाभी उठून आत गेल्या. पुन्हा तो विषय आमच्यात निघाला नाही.

मुलीचं लग्न पनवेलला झालं. भाभींचा नवरा बोटीवरून कायमचा घरी आला आणि तीन वर्षांत गेला. पुढे भाभींचे गुडघे गेले, मुलीनं हट्ट धरला आणि घर विकायचं ठरलं. सामान बांधताना मी दिवसभर त्यांच्याकडे होते. डबे रिकामे करताना तांदूळ निघाले, वाल निघाले. भाभींनी ते माझ्या पिशवीत ओतले. "ने गो. कच्चंच हाय," म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात, त्यांना टोमणे मारता यायचेच नाहीत. टोमणा असता तर मी भांडून मोकळी तरी झाले असते.

त्यानंतर दोन वर्षं जाते जाते म्हणत गेले नाही. मग मुलीचा फोन आला की अम्मीची तब्येत बरी नसते, काकी, येऊन जा. मी दुसऱ्याच दिवशी पनवेलला निघाले. काहीही न करता, रिकाम्या हातानं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाकडे रिकाम्या हातानं गेले. सकाळपासून काही खाल्लंही नव्हतं, मुद्दामच.

भाभी पलंगावर बसलेल्या. निम्म्या झाल्या होत्या. हात थरथरत होते, पेलाही दोन्ही हातांनी धरायच्या. मी जवळ बसले आणि एकदाचं सांगून टाकलं. "भाभी, सासूबाईंचं नाव मी खोटं घेतलं होतं. मलाच नको होतं."

"ठाऊक हाय."

"सासूबाईंनी सांगितलं तेव्हापासून?"

"तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत? मला दोन थोबाडीत मारायच्या होत्या."

भाभी हसल्या. "बोलले असते तर तू खाल्लं असतंस गो. लाजेनं खाल्लं असतंस. तसं नव्हतं मला वाढायचं." मग म्हणाल्या, "मी म्हटलं, भूक लागली की येईल."

मला रडू आवरलं नाही. मी म्हटलं, "लागलीय. सकाळपासून उपाशी आहे मी. वाढा."

त्यांनी मुलीला हाक मारली. मुलीनं माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि काही न विचारता ताट आणलं. भात, बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी. मी जेवले. दोनदा भात घेतला. मुलगी समोर बसून बघत होती, तिचा मुलगा शाळेतून आला आणि तोही आमच्यात जेवायला बसला. कालवण छान झालं होतं आणि मी तसं म्हटलं.

भाभींनी मान हलवली. "हे हिच्या हातचं. मला आता पळी धरवत नाय. माझं वेगळं व्हायचं."

"नानीचं आंबट असायचं," नातू म्हणाला.

"आंबट नाय रे," मुलगी म्हणाली, "अम्मी कोकम शेवटी घालायची, त्याची चव यायची. भाऊंना तसंच लागायचं. ते म्हणायचे, असं कालवण अख्ख्या रोह्यात नाही." भाऊ म्हणजे आमचे हे. मग तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "हो ना काकी? तुम्ही तर भिंतीपलीकडे होता."

मी त्यांच्याकडचं कधी खाल्लंच नव्हतं, हे तिला ठाऊक नव्हतं. भाभींनी लेकीलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. मी भाभींकडे पाहिलं तर त्या खाली चादरीच्या सुरकुत्या नीट करत होत्या.

मी "हो" म्हटलं.